कळंबच्या बाळंतपणाची रंगीत तालीम

मी डूला आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग हातातल्या पिशवीकडे. पिशवीत काहीतरी विकायला आणलंय अशी त्याची खात्री असते. मग समजावून सांगा, की बाई गरोदर असल्यापासून बाळंत होऊन जरा सावरेपर्यंत तिच्या सोबतीला राहायचं, हे माझं काम. "म्हणजे सुईण." नाही. "नर्स?" नाही. "मग मालिशवाली!" अहो, नाही हो! बाळंतपण डॉक्टर करतात, सुया नर्स टोचते, मालिश मालिशवाली करते. मी बाईचा हात धरते, कंबर चोळून देते, कळा आल्या की श्वास कसा सोडायचा ते शिकवते, तिला काय हवं-नको ते डॉक्टरांच्या कानावर घालते आणि घरच्या मंडळींना तिच्या डोक्यावरून खाली उतरवते. यातलं शेवटचं काम सगळ्यात जड. माझा नवरा मात्र वसईतल्या आमच्या सोसायटीत अजूनही सांगतो, "आमची ही हॉस्पिटल लाइनमध्ये असते." सांगू दे बापड्याला.

तर एकदा नालासोपाऱ्याजवळच्या कळंबहून एका मुलीचा फोन आला. माहेर देशावरचं, लग्न होऊन कळंबला आलेली, घरूनच कुठल्याशा कंपनीचे हिशेब बघायची. नवरा अंधेरीला ऑफिसात, त्यामुळे घरात सापडायचा तो फक्त रविवारी. चार वर्षांची एक लेक. आणि सासू. समुद्राच्या बाजूला घर, मागे सुरूच्या झाडांत दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या, आणि त्यांच्यासाठी सासू मासे तळायची. त्या माशांसाठी लोक बोरिवलीहून येतात आणि समुद्राकडे पाठ करून जेवतात, हे मी स्वतः पाहिलंय.

पहिल्याच भेटीत ती मुलगी मला ओटीवर घेऊन बसली आणि हळू आवाजात बोलली. लेकीच्या वेळी बाळंतपण माहेरी झालं होतं. तिथल्या दवाखान्यात घरचं कुणी आत सोडलं नाही. खोलीचं दार लोटलेलं, आत ही एकटी, दिवसभर भिंतीकडे बघत. जो कुणी मधूनच डोकावायचा तो "ओरडू नको" म्हणून दरडावून जायचा. "ताई," ती म्हणाली, "दुखण्याला मी भीत नाही. पुन्हा तशी एकटी पडायला भिते. शेवटपर्यंत कुणाचा तरी हात हातात पाहिजे. बाकी मला काही नको."

मी म्हटलं, मिळेल. नालासोपाऱ्याच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे तिचं नाव घातलं होतं त्यांनाही भेटून आले. त्या म्हणाल्या, सोबतीला एकजण चालेल. एकच हं, जत्रा नको. आता नवऱ्याला आत पाठवायची सोय नव्हती. कळंबमध्ये जन्मलेला हा गडी आई सुरमई कापायला बसली की उठून मागच्या दाराने बाहेर जायचा. रक्त दिसलं की याचे डोळे पांढरे. तेव्हा आत मीच जायचं असं ठरलं. सासूला कुणी विचारलंच नाही, आणि ठिणगी पडली ती तिथे.

सासूला मी मावशी म्हणायचे, आणि मावशींनी माझं नाव पाडलं डूलाबाई. "डूलाबाई, चार पोरं काढली मी. हात धरायला बाई कशाला लागते? हात काय कोन चोरून नेतंय?" मी ओटीवर सुनेला श्वास शिकवत असले की या आतून कान देऊन ऐकायच्या. नाकाने सावकाश श्वास घे, तोंडाने हलकी फुंकर सोड, फूऽ, फूऽ. लगेच आतून आवाज, "चूल पेटवते का गं?" मी एक मोठा रबरी चेंडू नेला होता. त्यावर बसून हळूहळू डोललं की कमरेला आराम पडतो. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर मावशी त्यावर ऐसपैस बसून बोंबील साफ करतायत. "बरा हाय, पाटापेक्षा बरा हाय!" तो चेंडू पुढे पर्यटकांच्या पोरांनी किनाऱ्यावर नेला, भरतीला तो गेला आत, आणि नवऱ्याने पोहत जाऊन तो परत आणला. त्याला बोंबलाचा वास तेव्हापासून जो लागला तो लागलाच. माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी तशी नाकावर राग असलेली बाई आहे, लपवून काय उपयोग? पण सुनेसमोर दातओठ खाऊन गप्प बसायचे.

आता तालमीचं. ती कल्पना नवऱ्याची. त्याच्या ऑफिसात आगीची घंटा वाजवून सगळ्यांना जिन्याने खाली पळवतात म्हणे, अधूनमधून, उगाच. हा म्हणाला, "ताई, आपण पण ड्रिल करू या ना. ऐन वेळेला गोंधळ नको." मला ते पटलं. कळंबहून निर्मळ, गास करत नालासोपाऱ्याला यायचं, रस्ता अरुंद, आणि हा माणूस घाबरट. सराव झालेला बरा. पण तो मोकळा फक्त रविवारी, आणि रविवारी त्याच रस्त्यावर अख्खी मुंबई समुद्र बघायला निघालेली असते. म्हटलं, असू दे, अवघड दिवशी जमलं तर सोप्या दिवशी जमेलच.

ठरलं असं. दुपारी जेवणं उरकली की सुनेने कळा आल्याचं सांगायचं. नवऱ्याने मला मेसेज टाकायचा, गाडी काढायची. मावशींनी बॅग घ्यायची. लेकीने पुढच्या सीटवर बसून ॲम्ब्युलन्ससारखं ओरडायचं, हे काम तिचं तिनेच घेतलं होतं. मी वसईहून स्कूटरने येऊन दवाखान्याच्या फाटकात उभं राहायचं.

पहिल्या रविवारी गाडी फाटकात वेळेवर आली. बॅग आली, पाण्याच्या बाटल्या आल्या, उशी आली, लेक ओरडत आली. पोटुशी बाई तेवढी कळंबला ओटीवर राहिली होती. प्रत्येकाला वाटलं ती दुसऱ्या बाजूने बसली.

दुसऱ्या रविवारी तिला आठवणीने घेतलं. पण ती कळा आल्याचं सोंग करताना खुदुखुदू हसायची. तेव्हा मावशींना राहवेना. "असं कोन बाळंत होतं? सिनेमाला चाललीस काय? नीट कन्ह!" आणि पदर खोचून त्यांनी स्वतः कण्हून दाखवलं. अगं आई गं! मागच्या खोल्यांतले पर्यटक धावत बाहेर आले. त्या दिवसापासून सासू दिग्दर्शक आणि सून नटी. दुपारी जेवणं झाली की दोघी स्वयंपाकघरात सराव करायच्या. "आधी कंबर धर. आता ओठ चाव. मंग आवाज काढ, पोटातनं, गळ्यातनं नाय." मी शिकवलेलं श्वासाचं सगळं बाजूला राहिलं आणि हे नाटक रंगात आलं. मी चिडले, पण खरं सांगते, त्या दोघींना इतकं एकमेकींशी बोलताना मी तोवर पाहिलंच नव्हतं. एरवी त्यांच्यात मिठाच्या डब्यापलीकडे विषय नसायचा.

होता होता सून इतकी तयार झाली की दर रविवारी अंगणात प्रेक्षक जमू लागले. मुंबईचं एक कुटुंब दुसऱ्यांदा आलं होतं, त्यांनी खुर्च्या पुढे ओढून घेतल्या. त्यातल्या काकांनी मावशींना विचारलं, "ये हर संडे होता है क्या?" मावशी म्हणाल्या, "हां, मच्छी के साथ फ्री है."

आणि मग एका रविवारी, तारखेला चांगला अवकाश असताना, खऱ्या कळा आल्या. मी तिथे नव्हते. पुढचं मी नंतर तिघांकडून तीन तऱ्हांनी ऐकलं, पण मुख्य गोष्टीवर तिघांचं एकमत आहे.

मावशी तव्यावर पापलेटं उलटत होत्या. सून ओट्याशी आली, ओटा दोन्ही हातांनी धरला आणि कण्हली. मावशी मागे न बघता म्हणाल्या, "वा! आज जमलं."

"आई, खरंच दुखतंय."

"हां, हे पन बोलायचं. हे कालच्या सरावात नव्हतं. छान."

सून रडायला लागली. अंगणातल्या काकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा आमटीभाताचा घास हातात धरून बाहेर आला आणि म्हणाला, "अगं, आज लवकर का सुरू केलंस? माझं जेवण व्हायचंय." तिने एकेकाकडे बघून "खोटं नाही, खोटं नाही" म्हणून सांगितलं, तेव्हा एक बाई हळहळून शेजारणीला म्हणाली की पोरगी टीव्हीत जायला पाहिजे. लांडगा आला रे आला म्हणतात ना, तसं झालं. फरक एवढाच की इथे लांडगा सगळ्यांनी मिळून पाळला होता. तरी एक बरं झालं, तालीम ती तालीम म्हणून सगळे शिस्तीत गाडीत बसले. नवऱ्याने मला नेहमीसारखा मेसेज टाकला, "ड्रिल सुरू." मी थर्मास भरला आणि निघाले.

गासच्या पुढे गाड्यांची रांग अडकलेली होती. इकडून तिकडून सगळे समुद्राकडे, आणि आमची एकच गाडी उलट्या दिशेने. लेक पुढे ओरडत होती. मागे सुनेने अचानक मावशींचं मनगट धरलं आणि सीट ओली झाली.

मावशींनी सीटकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. "पानी?" त्या म्हणाल्या. "पानी कुठं होतं आपल्या नाटकात?"

"नाटक नाहीये, आई!"

मग मावशींनी डावा हात सुनेच्या हातात दिला आणि उजव्या हाताने काच खाली केली. त्या हातात अजून कालथा होता. घरून निघताना ठेवायचं राहूनच गेलं होतं. तो तेलकट कालथा खिडकीबाहेर काढून त्या ओरडल्या, "बाजूला व्हा मुडद्यांनो! माझी सून बाळंत होतेय! समुद्र काय पळून चाललाय?" आजवर त्या रस्त्यावर हॉर्नला कुणी दाद दिलेली नाही, पण कालथ्याला दिली. गाड्या केळीच्या बागांच्या कुंपणाला घासून बाजूला झाल्या, आणि आमचे लोक निघाले.

मी फाटकात उभी राहून सुकेळी, म्हणजे आमच्या वसईची वाळवलेली केळी, खात होते. गाडी आली, नवरा उतरला, "ताई, खरं आहे" एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसला. मी सुकेळी पिशवीत टाकली. नर्स खुर्ची घेऊन आली, सुनेला बसवलं, आम्ही कळांच्या खोलीपर्यंत गेलो. दाराशी नर्सने विचारलं, "सोबत कोण येतंय? एकच."

"मी," मी म्हटलं आणि सुनेचा मोकळा हात धरला. दुसरा हात मावशींच्या हातात होता.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. घामाने केस कपाळाला चिकटलेले. "ताई," ती म्हणाली, "यांचा हात मला सोडवत नाहीये."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? माझं शिक्षण, माझा चेंडू, माझे फुंकरीचे वर्ग, सगळं एका बाजूला आणि ही पापलेटाच्या वासाची कालथेवाली बाई दुसऱ्या बाजूला! आता मावशी माझ्याकडे बघून हसणार, मग मला घरी जाऊन भांडी आपटावी लागणार, हे सगळं मला डोळ्यांसमोर दिसलं. पण मावशी हसल्या नाहीत. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. "डूलाबाई, तुमी जा आत," त्या म्हणाल्या. "मला नाय जमायचं. मला ते फू फू येत नाय."

तिने मला हात मागितला होता. माझा हात असं काही ती म्हणाली नव्हती. आणि बाईला काय हवं ते बाईने ठरवायचं, हे मीच तर दारोदार सांगत फिरते. मी सुनेचा हात सोडला आणि मावशींच्या हातातून कालथा काढून घेतला.

"मावशी, माझ्याकडे बघा. नाकाने आत. तोंडाने फूऽ. हळू."

मावशींनी फुंकर सोडली. नर्सच्या हातातला कागद उडाला.

"हळू म्हटलं ना! दिवा विझवायचा नाहीये. परत."

"फूऽ," मावशी म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं.

"झालं. काही शिकवू नका, कुणाला दम देऊ नका. हात सोडू नका, बास."

दार लागलं. मी बाहेर, हातात कालथा. नवरा भिंतीला टेकून खाली बसलेला, त्याचं डोकं गुडघ्यांत. लेक अजून ॲम्ब्युलन्स. म्हटलं, चला बाई, आज आपल्या वाट्याला हे गिऱ्हाईक. लेकीच्या हातात सुकेळी दिली, आवाज बंद झाला. नवऱ्याच्या शेजारी बसून त्याला फूऽ फूऽ करायला लावलं. तो इतक्या मनापासून करायला लागला की येणारेजाणारे त्यालाच धीर देऊन जायला लागले.

आतून मावशींचं ऐकू येत होतं. सुनेपेक्षा त्यांचीच फुंकर मोठी. मग माझा नियम मोडून त्या सुरू झाल्या, "हां! आता कन्ह! मोठ्यानं कन्ह! कोन काय म्हनत नाय तुला, मी हाय!" वॉचमन वर येऊन विचारून गेला की भांडण कुठे चाललंय. मी त्याला कालथा दाखवून परत पाठवला.

मग मध्येच सगळं शांत झालं. इतक्या बाळंतपणांना सोबत केली, पण दाराच्या बाहेर मी कधी उभीच राहिले नव्हते, बाहेरचा जीव कसा टांगणीला लागतो ते मला ठाऊकच नव्हतं. दाराला कान लावला. सून बारीक आवाजात म्हणत होती, "सोडू नका, आई. सोडू नका."

"नाय सोडत गं. हितंच हाय मी. बघ, हितंच हाय."

मला रडू आलं. नवऱ्याने विचारलं, "काय झालं, ताई?" मी त्याच्यावर खेकसले, "फू फू कर गपचूप!" आणि तेवढ्यात आतून बाळाचं टॅहॅ ऐकू आलं. दुसरीही मुलगीच. नवरा हसला, उभा राहिला आणि धाडकन खाली पडला. रक्ताचा थेंबसुद्धा न बघता!

डूलाचं काम बाळ झालं की संपत नाही. त्यानंतर मी कळंबला जात राहिले. आईला दूध पाजताना बाळ कसं धरायचं ते दाखव, तिला दुपारची झोप मिळतेय का बघ, भेटायला आलेल्यांना "बाळ कुणावर गेलंय" या विषयावर ओटीवरच अडकवून ठेव, अशी कामं. यावेळी मात्र घरात आडव्या दोघी होत्या. सुनेने कळांमध्ये मावशींचा हात असा आवळला होता की डाव्या हाताची दोन बोटं सुजून टम्म झाली होती, डॉक्टरांनी त्यांना पट्टी बांधून दिली होती. मासे कापणं बंद, तवा बंद. शेजारीण मोरी माशाचं कालवण आणून द्यायची, दूध चांगलं येतं म्हणून, आणि सासू-सून दोघी ते समोरासमोर बसून ओरपायच्या.

एका दुपारी मी ओटीवर सुनेची पाठ चोळून देत होते. चोळता चोळता तिला झोप लागली, बाळही तिच्या कुशीत झोपलं. मावशी जरा पलीकडे बसल्या होत्या, पट्टीतली बोटं मांडीवर ठेवून. मी म्हटलं, "मावशी, फार दुखतंय का? बर्फ आणू?"

"नको," त्या म्हणाल्या. "दुखू दे."

मग त्या बाळाकडे बघू लागल्या. "चार पोरं झाली मला," त्या म्हणाल्या. "चारी टायमाला मी खाटेचा पाय धरलेला. सासू बाहेर, ह्ये दर्यावर. खाटेचा पाय लई घट्ट धरला मी, डूलाबाई. पन ते लाकूड. ते काय उलटं आपला हात धरत नाय."

मी सुनेच्या पाठीवर पांघरूण सारखं केलं आणि मावशींच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे न बघता आपला दुसरा, धडका हात पुढे केला.

"जरा धरा," त्या म्हणाल्या.

मी धरला. त्यांनी तो घट्ट आवळला, आणि दर्याकडे तोंड करून, हळू, अगदी बरोबर हळू, श्वास सोडला.